खानदेशात उपग्रह दिशादर्शनाचा उद्योग सुरू करताना: अचूकतेच्या प्रश्नापासून अनुदानाच्या शेवटच्या हप्त्यापर्यंत

रावेर तालुक्यातील केळीच्या बागांमध्ये हरण्या रोगाची झाडे नेमकी कोठे आहेत, याची नोंद ठेवणारे एक छोटे उपकरण आणि त्याचे मोबाइल अ‍ॅप तयार करण्याचे काम मी आणि माझा भागीदार करीत आहोत. हे काम सुरू केले तेव्हा कोणत्या दारावर आधी जावे, कोणता कागद कशासाठी लागतो आणि कोणते यंत्र विकत घ्यावे, हे सांगणारे आमच्या ओळखीत कोणी नव्हते. बहुतेक माहिती पुणे किंवा बंगळूरु डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील तरुणांनी आमच्या चुका पुन्हा करू नयेत, यासाठी हा क्रम जसा असायला हवा होता तसा मांडत आहे. आम्ही प्रत्यक्षात तो उलटा चाललो. आधी अनुदानाच्या मागे लागलो आणि अचूकतेचा प्रश्न सर्वांत शेवटी विचारला. आमचे एक वर्ष त्यात गेले.

१. आधी ठरवा: तुम्हाला किती अचूकता हवी आहे?

हा प्रश्न पहिल्याच दिवशी कागदावर लिहून त्याचे उत्तर मीटरमध्ये द्या. तुमचा खर्च, यंत्र, परवाने आणि अनुदानाचा अर्ज हे सारे त्या एका आकड्यावर अवलंबून असते.

आमचेच उदाहरण देतो. केळीची लागवड बहुधा पाच बाय पाच फुटांवर, म्हणजे दीड मीटर अंतरावर असते. साध्या मोबाइलची चूक मोकळ्या आकाशाखाली साधारण तीन ते पाच मीटर असते. तीन मीटर धरली, तरी तेवढ्या त्रिज्येच्या वर्तुळात केळीची बारा-तेरा झाडे बसतात. रोगट झाड उपटून टाकायचे आणि तेथे नांग्या भरायच्या, म्हणजे रिकाम्या जागी नवे रोप लावायचे, तर मजुराला नेमके झाड सापडले पाहिजे. पहिल्या चाचणीत मी एकाच झाडाशी फोन धरून दहा मिनिटे उभा होतो, आणि पडद्यावरचा निळा ठिपका ठिबकच्या तीन नळ्या ओलांडून शेजारच्या ओळीत गेला, परत आला आणि पुन्हा गेला. झाड जागचे हलले नव्हते आणि मीही हललो नव्हतो.

याउलट दूध संकलनाची गाडी, उसाचा ट्रॅक्टर किंवा पाण्याचा टँकर कोणत्या गावात पोहोचला एवढेच सांगायचे असेल, तर पाच मीटरची चूक काहीच बिघडवत नाही. अशा उत्पादनासाठी सेंटिमीटरची यंत्रणा घेणे म्हणजे पैसा वाया घालवणे आहे. ढोबळ विभागणी अशी करता येईल: वाहनांचा माग आणि गावपातळीवरील नोंदी यांना काही मीटर पुरतात, शेताचे ढोबळ क्षेत्र किंवा पिकाचे छायाचित्र यांना दोन-तीन मीटर चालतात, झाड, ओळ, पाइपलाइन आणि फवारणीचा ड्रोन यांना मात्र आरटीके, म्हणजे जागच्या जागी दुरुस्ती घेणारी सेंटिमीटरची पद्धत लागते.

२. खानदेशचे आकाश आणि खानदेशची जमीन समजून घ्या

दुसऱ्या प्रदेशात उत्तम चाललेले यंत्र येथे अडखळते, त्याची काही ठाम कारणे आहेत.

पहिले कारण आयनमंडलाचे आहे. पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना आयनमंडलातील, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरातील, विद्युतभारित कणांची घनता वाढलेला एक पट्टा असतो, आणि भारतात त्याचा माथा राजकोट, अहमदाबाद, भोपाळ या भागात येतो. जळगाव साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे आपण त्या माथ्याच्या अगदी जवळ आहोत. सूर्य मावळल्यानंतर काही तास, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास आणि सूर्यावरील डागांचे प्रमाण जास्त असलेल्या वर्षांत, उपग्रहांचे संकेत थरथरतात. आमचा रोव्हर, म्हणजे शेतात फिरवायचा आरटीके रिसीव्हर, मार्चमधल्या एका संध्याकाळी दिवसभर दाखवत असलेला ‘फिक्स’ (सेंटिमीटरची पक्की जागा) सोडून ‘फ्लोट’वर (ढोबळ जागेवर) गेला आणि रात्री उशिरापर्यंत परतला नाही. आम्ही अँटेना बदलली, केबल बदलली, विक्रेत्याशी वाद घातला. दोष यंत्राचा नव्हताच. म्हणून मोजणीचे काम सकाळी ठेवा, दोन वारंवारतांचा रिसीव्हर घ्या आणि चाचणीच्या नोंदीत तारखेबरोबर वेळही लिहा.

दुसरे कारण पिकाचे आहे. केळीचे पान रुंद आणि पाण्याने भरलेले असते, आणि उपग्रहाचा क्षीण संकेत त्यातून निभावत नाही. सात-आठ महिन्यांच्या बागेत आत शिरल्यावर आरटीकेची अचूकता टिकत नाही, हे आम्ही स्वीकारले आणि मार्ग बदलला. लागवडीच्या वेळी रान मोकळे असते, तेव्हाच प्रत्येक ओळीची दोन्ही टोके सेंटिमीटरमध्ये मोजून ठेवायची, आणि पुढे बागेत गेल्यावर ओळ क्रमांक व झाड क्रमांक मोजून जागा ठरवायची. उपग्रहाने ओळ दाखवावी आणि झाड माणसाने मोजावे, ही विभागणी आजही आमच्या उत्पादनाचा कणा आहे. कापूस, हरभरा किंवा मका यांच्यात ही अडचण येत नाही.

तिसरे कारण सातपुड्याचे. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील दऱ्यांमध्ये आकाशाचा मोठा भाग डोंगराने झाकलेला असतो. नाविक या आपल्या भारतीय दिशादर्शन प्रणालीचे भूस्थिर (आकाशात एकाच जागी दिसणारे) उपग्रह आपल्यासाठी दक्षिण आकाशात असतात, त्यांतील ८३ अंश पूर्व रेखांशावरील उपग्रहाची जागा येथून सुमारे ६३ अंश उंचीवर येते, त्यामुळे अरुंद दरीतही ती बहुधा उघडी राहते. पण तेथे मोबाइलचे जाळे अनेकदा नसते आणि आरटीकेला सलग इंटरनेट लागते. अशा ठिकाणी कच्ची मोजणी यंत्रात साठवून घरी आल्यावर दुरुस्ती करण्याची पद्धत, जिला पीपीके म्हणतात, तीच कामाची. वनहक्काच्या दाव्यांसाठी किंवा डोंगरातील पाणवठ्यांसाठी काही करू पाहणाऱ्यांनी उत्पादनाची रचना सुरुवातीपासून इंटरनेटशिवाय चालेल अशीच करावी.

३. नाविक, गगन आणि कॉर्स: कोणते काय देते?

नवख्या माणसाचा सर्वांत मोठा गोंधळ येथे होतो.

नाविक ही इस्रोची प्रादेशिक प्रणाली आहे. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी आणि मूळ आराखड्यातील सातवा २८ एप्रिल २०१६ रोजी सोडला गेला. भारत आणि सीमेपलीकडे सुमारे १५०० किलोमीटरपर्यंत तिची सेवा आहे. सुरुवातीचे उपग्रह एल-५ आणि एस या वारंवारतेच्या पट्ट्यांत संकेत देतात. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून एल-१ पट्टाही मिळू लागला आणि त्या उपग्रहात भारतात बनवलेले अणुघड्याळ आहे. जुन्या उपग्रहांतील आयात केलेली काही घड्याळे बंद पडली होती, आणि जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही. नाविकविषयी मला मनापासून अभिमान आहे, तरीही तुमचे उत्पादन केवळ नाविकवर उभे करू नका. नाविक, जीपीएस, गॅलिलिओ आणि ग्लोनास हे सर्व एकत्र वाचणारा मॉड्यूल घ्या आणि खरेदीपूर्वी माहितीपत्रकात नाविकचा कोणता पट्टा वाचला जातो ते शब्दशः तपासा. ‘नाविकसाठी सज्ज’ असे खोक्यावर छापलेले पुरेसे नाही.

गगन ही इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाची सेवा आहे. ती जीपीएसच्या चुकांची दुरुस्ती उपग्रहामार्फतच पाठवते. ती विमानांसाठी उभारलेली असली तरी स्वस्त रिसीव्हरलाही विनामूल्य मिळते आणि तिच्यासाठी इंटरनेट लागत नाही. दोन-तीन मीटरची गरज असलेल्यांनी आधी हीच वापरून पाहावी.

सेंटिमीटरसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे कॉर्स, म्हणजे सतत चालू असलेल्या संदर्भ केंद्रांचे, जाळे आहे. महाराष्ट्रात त्याची ७७ केंद्रे उभारली गेली आणि भूमी अभिलेख विभागाची रोव्हरने होणारी मोजणी त्याच जाळ्यावर चालते. त्याच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की स्वतःचा बेस (एका जागी ठेवून दुरुस्ती पाठवणारा रिसीव्हर) विकत न घेता इंटरनेटवरून दुरुस्ती मिळते. आम्ही हे न कळल्यामुळे बेस आणि रोव्हर अशी जोडी विकत घेतली. बेस बहुतेक दिवस कपाटातच असतो.

४. कोणाकडे जावे: जिल्ह्यातील आधार

जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात केसीआयआयएल हे नवोपक्रम आणि उद्भवन (इन्क्युबेशन) केंद्र आहे, आणि तिन्ही जिल्ह्यांतील नवउद्योजकाने पहिली भेट तेथेच द्यावी असे माझे मत आहे. जाताना सादरीकरणाच्या चाळीस पानांऐवजी एक पान न्या: अडचण कोणाची, अचूकता किती हवी, आजवर काय मोजले आणि कोणती मदत हवी. नुसते पैसे मागणाऱ्याला दीर्घकाळ थांबावे लागते. मोकळ्या गच्चीवर अँटेना बसवण्याची जागा, इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेचा वापर आणि दोन विद्यार्थी मागणाऱ्याचे काम लवकर सुरू होते.

शेतीविषयक उत्पादन असेल तर चाचणीसाठी जळगावचे केळी संशोधन केंद्र, पाल आणि ममुराबाद येथील कृषी विज्ञान केंद्रे, धुळ्याचे कृषी महाविद्यालय किंवा नंदुरबारचे कृषी विज्ञान केंद्र यांच्याशी बोला. तेथील शास्त्रज्ञाने पाहिलेली आणि सही केलेली चाचणी पुढे प्रत्येक अर्जात उपयोगी पडते.

प्रदेशाबाहेरही एक दार लक्षात ठेवा. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने स्थापन केलेल्या तंत्रज्ञान नवोपक्रम केंद्रांपैकी तिरुपतीच्या आयआयटीतील केंद्र नेमके स्थाननिश्चिती आणि अचूकतेचे तंत्रज्ञान याच विषयाला वाहिलेले आहे. शिवाय अहमदाबादचे इन-स्पेस हे खासगी अंतराळ उद्योगाला परवानगी आणि प्रोत्साहन देणारे केंद्र धुळे-नंदुरबारहून मुंबईपेक्षा फार लांब नाही. त्यांच्या बीज निधी योजनेत १ कोटी रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. मात्र त्यांच्या योजनांचे विषय ठरलेले असतात, म्हणून आवाहन वाचून तुमचा विषय बसत असेल तरच अर्ज करा.

५. नोंदणी: क्रम चुकवू नका

पहिले पाऊल कंपनीचे. एकट्याच्या मालकीच्या पेढीला स्टार्टअप म्हणून मान्यता मिळत नाही. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारी यांसारखी संस्था लागते. त्यानंतर स्टार्टअप इंडियाच्या संकेतस्थळावर मान्यतेचा अर्ज आणि लघुउद्योगांसाठीची उद्यम नोंदणी. या दोन्हींना सरकारी शुल्क नाही. आमच्याकडून एका मध्यस्थाने उद्यम नोंदणीचे पैसे घेतले होते. तो अर्ज आधार आणि पॅन घेऊन बसल्यास अर्ध्या तासात स्वतः भरता येतो.

कागदपत्रे अशी तयार ठेवा:

- कंपनीचे स्थापना प्रमाणपत्र, कंपनीचे पॅन आणि संचालकांचे आधार व पॅन
- अर्ज करणाऱ्याच्या नावे संचालक मंडळाचे अधिकारपत्र
- उत्पादनात नवे काय आहे, याचे एक-दोन पानांचे टिपण (येथे ‘अ‍ॅप बनवतो’ एवढेच लिहिल्यास अर्ज परत येतो)
- नमुन्याची छायाचित्रे किंवा चित्रफीत, आणि चाचणीची तारीख-वेळेसह नोंद
- चाचणीच्या शेताचा सातबारा आणि शेतकऱ्याचे लेखी संमतीपत्र
- प्रकल्पासाठी स्वतंत्र बँक खात्याचा रद्द केलेला धनादेश

६. परवाने आणि कायद्याच्या मर्यादा

नकाशांविषयीची भीती आता बाळगण्याचे कारण नाही. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनंतर भारतीय कंपनीला भूस्थानिक माहिती गोळा करण्यासाठी पूर्वपरवानगी लागत नाही. आडव्या दिशेत एक मीटर आणि उभ्या दिशेत तीन मीटर यांहून सूक्ष्म माहिती मात्र भारतीय कंपन्यांनीच तयार करायची आणि ती भारतातच साठवायची, असा नियम आहे. सेंटिमीटरमध्ये काम करणार असाल तर सर्व्हर भारतातला आहे ना, हे पहिल्याच दिवशी पाहा.

रिसीव्हर फक्त ऐकतो, त्यामुळे केवळ त्याला रेडिओचा परवाना लागत नाही. पण त्याच डबीत सिम, ब्लूटूथ किंवा लोरा (लांब पल्ल्याचा रेडिओ) बसवला की ती डबी बोलू लागते, आणि मग उपकरण-प्रकार मान्यता लागते. बेस आणि रोव्हर यांच्यात दुवा हवा असेल तर ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा परवानामुक्त पट्टा वापरा. परदेशी संकेतस्थळावरून मागवलेले रेडिओ अनेकदा दुसऱ्या पट्ट्यावर चालतात आणि येथे ते बेकायदा ठरतात.

सार्वजनिक प्रवासी वाहनांसाठी माग ठेवणारे यंत्र बनवायचे असेल तर एआयएस-१४० हे मानक बंधनकारक आहे. त्यात आपत्कालीन बटण आणि गाडीची बॅटरी तुटली तरी चालणारी अंतर्गत बॅटरी लागते, आणि चाचणी पुण्याच्या एआरएआय किंवा सीआयआरटी यांसारख्या मान्यताप्राप्त संस्थेतच करावी लागते. हा खर्च नव्या कंपनीला जड जातो. त्यापेक्षा मान्यता मिळालेले यंत्र घेऊन त्यावर स्वतःची सेवा उभी करणे मला शहाणपणाचे वाटते.

ड्रोनसाठी २०२१ चे ड्रोन नियम आणि डिजिटल स्काय वरील नकाशा पाहा. जळगाव विमानतळाच्या भोवतालच्या गावांत उड्डाणाची उंची मर्यादित असते. आणि माणसाचे स्थान ही वैयक्तिक माहिती असल्याने, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार मजुरांची किंवा चालकांची संमती त्यांना कळेल अशा मराठीत घ्या.

येथे एक गोष्ट विशेष कळकळीने सांगतो. अमळनेरजवळ चाचणी सुरू असताना एका वयस्कर शेतकऱ्याने विचारले, “हाऊ बांध मना शे का त्याना, इतलं सांगी का तुमना फोन?” याचे उत्तर नेहमी ‘नाही’ असेच द्या. हद्द ठरवणारी मोजणी फक्त भूमी अभिलेख कार्यालयाची ग्राह्य असते. तुमच्या अ‍ॅपवरील क्षेत्र हे अंदाजासाठी आहे, असे पडद्यावर ठळक लिहा. नाहीतर भावाभावांच्या बांधावरच्या भांडणात तुमचे अ‍ॅप पुरावा म्हणून ओढले जाईल आणि गावाचा विश्वास कायमचा जाईल.

७. माहिती साठवताना होणाऱ्या दोन चुका

आमच्या पहिल्या आवृत्तीत सेंटिमीटरची मोजणी डेटाबेसमध्ये गेल्यावर जवळजवळ अर्धा मीटर सरकत होती. अक्षांश-रेखांश आम्ही ३२ बिटांच्या दशांश प्रकारात साठवत होतो, आणि ७५ अंशांच्या आसपास त्या प्रकारात लागोपाठच्या दोन आकड्यांमधील अंतर जमिनीवर सुमारे ८० सेंटिमीटर पडते. ६४ बिटांचा प्रकार वापरा आणि किमान सात दशांश स्थळे ठेवा.

दुसरी चूक उंचीची. उपग्रहाने दिलेली उंची ही पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची असते, आणि आपल्याकडे ती समुद्रसपाटीपासूनच्या उंचीहून पन्नास मीटरांपेक्षा जास्त वेगळी येते. पाट, शेततळे किंवा पाइपलाइन यांचा उतार काढताना दोन उंचींची सरमिसळ झाली तर पाणी कागदावर चढावर चढते. क्षेत्र काढताना यूटीएमचा ४३ वा उत्तर विभाग वापरा. तिन्ही जिल्हे त्यात संपूर्ण बसतात आणि त्याची मध्यरेषा, ७५ अंश पूर्व, अमळनेरच्या जवळूनच जाते.

८. पैसा: कोणता, केव्हा आणि कोणत्या अटींवर

नमुना तयार नसताना विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची निधी-प्रयास योजना पाहा. तिच्यात १० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. स्टार्टअप इंडिया बीज निधीत नमुना आणि चाचणीसाठी २० लाखांपर्यंत अनुदान आणि बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत परतफेडीचे किंवा रूपांतरणीय (पुढे भागभांडवलात बदलणारे) साहाय्य अशी रचना आहे. तेथे अर्जाच्या दिवशी कंपनी दोन वर्षांहून जुनी नसावी, म्हणून उत्साहाच्या भरात कंपनी फार लवकर स्थापन करू नका. हा पैसा उद्भवन केंद्रामार्फत येतो, आणि क्रमांक चारमधील ओळख येथे उपयोगी पडते. शेतीसाठी राष्ट्रीय कृषी विकास योजनेच्या, पूर्वी रफ्तार नावाने ओळखल्या जाणाऱ्या, कृषी-उद्योजकता उपक्रमात कल्पनेच्या टप्प्यावर ५ लाख आणि पुढे २५ लाखांपर्यंत अनुदानाची रचना आहे. यंत्रे जोडण्याचा छोटा कारखाना काढायचा असेल, तर जिल्हा उद्योग केंद्रातून मुख्यमंत्री किंवा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात बँक कर्जासह अनुदान मिळू शकते.

राज्याच्या नाविन्यता सोसायटीचा स्टार्टअप सप्ताह मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यात निवडलेल्या २४ स्टार्टअपना शासकीय विभागांकडून कामाचा आदेश मिळतो. सरकार तुमचे पहिले गिऱ्हाईक होते. पेटंट आणि गुणवत्ता चाचणीच्या खर्चाची प्रतिपूर्तीही हीच सोसायटी करते.

अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीचे आवाहन सुरू आहे का आणि अटी काय आहेत, हे मूळ संकेतस्थळावरच वाचा.

एक सापळा आम्हाला महागात पडला. मंजुरी तोंडी कळली त्याच आठवड्यात आम्ही अँटेना आणि मॉड्यूल विकत घेतले. मंजुरीपत्रावरील तारीख त्यानंतरची होती, आणि आधीचा खर्च अनुदानात धरला गेला नाही. तेव्हापासून आम्ही मंजुरीपत्र हातात पडल्याशिवाय एकही पावती फाडत नाही, प्रत्येक मोठ्या खरेदीसाठी तीन दरपत्रके घेतो, खर्च फक्त प्रकल्पाच्या खात्यातून करतो आणि दर महिन्याच्या अखेरीस सनदी लेखापालाकडे कागद देतो. पुढचा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्रावर, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याच्या दाखल्यावर, येतो, आणि ते वेळेवर न मिळाल्यास चांगली चाललेली चाचणी मधेच थांबते.

९. पहिल्या तीस दिवसांत काय करावे

पहिल्या आठवड्यात काहीही विकत न घेता, उपग्रहांचे कच्चे संकेत नोंदवणारे विनामूल्य अ‍ॅप दोन वारंवारतांच्या मोबाइलवर घाला. अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीपासून ही सोय आहे. एकाच खुणेवर सकाळ, दुपार आणि सूर्यास्तानंतर अर्धा-अर्धा तास नोंद घ्या. दुसऱ्या आठवड्यात तीच नोंद पिकाखाली किंवा डोंगराच्या कडेला घ्या आणि फरक मीटरमध्ये लिहा. आरटीके-लिब हे मुक्त सॉफ्टवेअर पुढच्या हिशेबाला पुरते. तिसऱ्या आठवड्यात कॉर्सची नोंदणी करा आणि कोणाचा तरी रोव्हर एका दिवसासाठी मागून घ्या. चौथ्या आठवड्यात ते एक पान लिहा आणि विद्यापीठात जा. आमच्या त्या पानावर आज सर्वांत वर एकच ओळ आहे: ओळीचे टोक, पाच सेंटिमीटर, सकाळी आठ ते अकरा.